डब्यावर आयरिस, आत यूएचडी

भाच्यासाठी लॅपटॉप घेतला, इंटेलच्या आय५-११३५जी७ प्रोसेसरवाला, स्टिकरवर मस्त आयरिस एक्सई (प्रोसेसरमधलंच, पण वरच्या दर्जाचं ग्राफिक्स) लिहिलेलं. घरी येऊन सहज डिव्हाइस मॅनेजर उघडला, डिस्प्ले अॅडाप्टरवर टिचकी मारली तर नुसतं 'इंटेल यूएचडी ग्राफिक्स', म्हणजे त्याहून साधं! म्हटलं गंडवलं राव दुकानदाराने. दोनदा ड्रायव्हर टाकून बघितला, ढिम्म फरक नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीत गेलो, तिथे स्लॉट 2 पैकी 1 वापरात. इथेच मेख होती. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं, आणि रॅम ड्युअल चॅनलला, म्हणजे एकाच वेळी दोन मार्गांनी, चालत नसेल तर चिप तीच, 80 ईयू (ग्राफिक्सचं काम करणारे छोटे भाग) वालीच, पण ड्रायव्हर नाव यूएचडी दाखवतो. म्हणजे प्रोसेसर खरा होता, कंजूषपणा रॅमच्या एका काडीत. डब्यावर हे बारीक अक्षरातही नव्हतं, याचा राग आलाच.

8 जीबीची डीडीआर4 3200 ची दुसरी काडी आणली, मागचं झाकण उघडताना एक स्क्रू सोफ्याखाली गेला तो अजून सापडला नाहीये, पण चालू केल्यावर नाव आलं आयरिस एक्सई. भाचा लगेच गेम टाकायला बसला, अभ्यासासाठी घेतला होता म्हणे.