आमची वाटचाल: मकरपुऱ्यातले ग्रिपर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये मी आणि माझा मामेभाऊ, दोघांनी ग्रिपर बनवायला सुरुवात केली. ग्रिपर म्हणजे रोबोचा हवेच्या दाबावर चालणारा, माल पकडणारा पंजा. तो कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेला. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या त्या संस्थेचा त्याला एवढा अभिमान, की सरफेस ग्राइंडरला, म्हणजे धातू सपाट घासायच्या मशीनला, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. ग्रिपरच्या जबड्यांचे दोन्ही नग एकाच सेटिंगमध्ये घासायचे, मग मापाचा डायल फिरवायचा, काटा हलला की परत. आजही तोच ग्राइंडर आहे.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते आमच्या नकलेबद्दल. शेजारच्याच रस्त्यावरच्या एकाने आमचा दोन बोटांचा पॅरलल ग्रिपर बाजारातून उचलला, खोलला आणि बोल्टसकट उतरवला. हार्ड अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा कडक थर, मात्र गाळलं, आणि भाव आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. चालायचंच. पण त्याने आतली स्प्रिंगही जशीच्या तशी घेतली. तो नग ओडी पकडीचा, माल बाहेरून धरणारा, म्हणजे हवा गेली तर स्प्रिंग बोटं मिटवते आणि माल हातात राहतो. याने तोच बेअरिंगच्या रिंगा आतून धरायला विकला. अशा आतून धरायच्या, आयडी पकडीत बोटं बाहेर दाबायला हवीत. कॉम्प्रेसर ट्रिप झाला, ६ बारचं प्रेशर उतरलं, स्प्रिंगने बोटं मिटवली, रिंगा खाली.

नगावर नावाची पट्टी नव्हती. दिसायला आमचाच. नाव अर्थातच आमचं खराब झालं. ऑर्डरी थांबल्या, जुनी बिलंही अडकली, बँकेचे हप्ते मात्र वेळेवर. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, विकावं लागलं. मामेभाऊ रात्री घरी न जाता ग्राइंडरपाशीच बसून राहायचा. दांडियाबाजारातले नातेवाईक नोकरीच्या जाहिराती आणून द्यायला लागले, त्या मी अजून विसरलेलो नाही.

वाचवलं ते वाघोडिया रोडच्या एका शेठनी. आमचा पहिला ग्रिपर त्यांनीच घेतला होता, तोही एकच प्रश्न विचारून: ‘भाऊ, छोडशे तो नहीं ने?’ त्यांनी आमचा नग आणि तो दुसरा, दोन्ही आपल्या टेबलावर उघडले आणि ज्यांच्या रिंगा पडल्या होत्या त्यांना बोलावून स्प्रिंग दाखवली. नंतर महिनाभराचा माल अ‍ॅडव्हान्स देऊन उचलला.

आता कॉलेजची मुलं पाच बोटांचा हात बनवायचा म्हणून येतात. बनवा. पण आधी हिशेब करा. तेलकट स्टीलवर घर्षण ०.१ धरा, माल १ किलो, रोबो १ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या वेगवाढीने, वर उचलतो, सेफ्टीसाठी दुप्पट. दोन बोटांत प्रत्येकी १९६ न्यूटन लागतात, म्हणजे साधारण २० किलोचा जोर. एक किलोसाठी! म्हणून जबड्याला माल बसेल असा खाचा द्या, नुसत्या घर्षणावर सोडू नका. आणि हवेच्या फिल्टरमधलं पाणी रोज काढा. कोणी काढत नाही, मग सील गेलं की आम्हाला फोन.

तो नकलवाला अजून विकतो. प्रदर्शनात मोठा स्टॉल असतो. त्याचा नग ज्यांच्याकडे आहे त्यांनी हवा बंद करून बोटं कुठे जातात ते बघावं. चुकीच्या बाजूला गेली तर आमच्याकडे आणा, स्प्रिंग बदलून देऊ. तिचे पैसे घेत नाही.