गोटा उडून आला

ऑगस्टमधली झड उघडून दोन दिवस झाले होते आणि कडक ऊन पडलं होतं. आमची खाण वर्धा खोऱ्यातली, कोळशाची, उघडी. सकाळच्या पाळीत एक ६० टनी डंपर रिकामा खाली उतरत असताना त्याच्या पंचवीसेक मीटर पुढे वालुकाश्माचा मोठा गोटा हॉलरोडवर, म्हणजे डंपर ये-जा करतात त्या रस्त्यावर, येऊन आदळला. ऑपरेटरने डंपर जागीच उभा केला आणि वॉकीटॉकीवर कळवलं. कुणाला इजा झाली नाही. रस्ता दोन्ही टोकांना बंद करून आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, सरळ नाही पडला गोटा. उडून आला."

पुढचा सगळा तपास त्या एका वाक्यावर चालला. गोटा रस्त्यालगतच्या खाणीच्या भिंतीवरून सरळ खाली आला असता, तर पायथ्याच्या नालीत पडला असता. हा पडला पायथ्यापासून ६ मीटरवर. नाली आणि तिच्या पुढचा ७० सेंटिमीटरचा मातीचा बांध, दोन्ही ओलांडून. टेपने मोजला तर साधारण ६० × ६० × ५० सेंटिमीटर, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. डंपरच्या टपावर वा सुपरवायझरच्या जीपवर तो पडला असता तर काय झालं असतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

भिंतीवरची ताजी पांढुरकी खूण रस्त्यापासून १६ मीटर उंचीवर दिसत होती. रस्त्याच्या १० मीटर वर एक बेंच, म्हणजे भिंतीत कापलेली सपाट पायरी, आहे. दगड अडवण्यासाठीच ती सोडलेली. म्हणजे गोटा सुटला तो बेंचच्या फक्त ६ मीटर वरून, आणि तरीही बेंचवर थांबला नाही. वर जाऊन पाहिलं आणि कारण समोरच होतं. नकाशात ७ मीटर रुंद असलेली बेंच ढिगाऱ्याने भरली होती. खालच्या ब्लास्टिंगमध्ये तिची कडाही तुटली होती. मोकळी सपाट जागा जेमतेम दीड मीटर उरलेली, बाकी सगळा उतार. त्या उतारावर गोटा आपटला, खाली जाण्याचा वेग बाहेरच्या बाजूला वळला आणि तो रस्त्याकडे फेकला गेला.

भरलेली बेंच नसलेल्या बेंचपेक्षा वाईट, असं मी म्हणतो ते यासाठी. बेंचची रुंदी ठरवायला एक जुना ठोकताळा आहे: उंचीच्या ०.२ पट अधिक ४.५ मीटर. १० मीटर उंचीला ६.५ मीटर. आमच्या नकाशात तो पाळलेला होता. पण हा हिशेब रिकाम्या बेंचचा आहे.

मग ती साफ का केली नव्हती? कारण तिथे डोझर पोहोचतच नव्हता. रुंदीकरण करताना बेंचवर जाणारी वाट कापली गेली होती. असं बऱ्याच ठिकाणी होतं. बेंच आखली जाते, वाट मात्र आखली जात नाही. आणि पाऊस? त्याचं काम सावकाश चालतं. वालुकाश्माच्या थरांमध्ये चिकणमातीचे पट्टे आहेत. पाण्याने पट्टा झिजतो, वरचा दगड अधांतरी राहतो. शिवाय खाणीच्या काठाची गारलँड ड्रेन, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारी नाली, तुंबल्याने पाणी भेगांतून उतरत होतं. झड उघडली की धोका टळला असं समजू नये. ओला पट्टा वाळून आकसतो आणि अधांतरी दगड तेव्हाही सुटतो.

दुरुस्ती वरून खाली केली. खालून सुरुवात केली तर पोकलेन आणि तिचा ऑपरेटर सैल दगडांच्या खालीच उभे राहतात. आधी बेंचच्या पूर्व टोकाकडून नवी वाट कापली. मग लहान पोकलेनने सैल दगड ओढून काढले, ढिगारा उचलला. काम फक्त दिवसाउजेडी, खालचा रस्ता पूर्ण बंद आणि समोरच्या बाजूला शिट्टी घेतलेला एक माणूस, ज्याची नजर भिंतीवरून हलायची नाही. नंतर बेंचच्या बाहेरच्या कडेला हातभर उंच मातीची वरंबी दिली.

रस्त्यावरचा बांधही बदलला. दरीच्या बाजूचा बांध डंपर अडवण्यासाठी, भिंतीच्या बाजूचा दगड अडवण्यासाठी. दोघांचा आकार सारखा ठेवणं चूक. मातीच्या नुसत्या ढिगाला दोन्हीकडे उतार असतो, घरंगळत आलेला दगड त्यावरून चढून पलीकडे जातो. म्हणून भिंतीकडची बाजू मोठे दगड रचून जवळजवळ उभी केली, उंची १.५ मीटर. यात रस्त्याची रुंदीही वाचते, कारण एका बाजूचा उतार नाहीसा होतो. बांध आणि भिंत यांच्यामध्ये ३ मीटर रुंद चर ठेवला, तळाला भुसभुशीत मुरूम. कठीण तळावर दगड उसळतो, मुरमात रुततो. पाणी जाण्यासाठी बांधात फटी ठेवल्या, पण सरळ आरपार नव्हे; फटीजवळ बांधाचं एक टोक दुसऱ्याच्या पुढे चढवून. एवढी जागा काढायला २०० मीटरचा पट्टा एकदिशा करावा लागला. उत्पादनवाल्यांची कुरकुर झाली, पण निर्णय बदलला नाही.

आता साफ केलेल्या बेंचवर आणि चरात चुना मारतो. नवा दगड पांढऱ्यावर लगेच दिसतो, आणि कुठून किती येतात हे ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, रोज पाळीच्या सुरुवातीला वहीत लिहितो. चर एक तृतीयांश भरला की उपसायचा, पुढच्या सोमवारची वाट पाहायची नाही.

पश्चिम टोकाची बेंच अजून ४ मीटरच आहे. तिथे वाट काढायला जागा नाही. त्या ८० मीटरमध्ये जीप थांबवायची नाही, टायर तपासायला उतरायचं नाही, आणि पाऊस पडला की पुढच्या तपासणीपर्यंत डंपर दरीकडच्या बाजूनेच न्यायचा.