काकडीला पाणी सुटलं

रविवारी जेवायला पाहुणे होते, म्हणून मी हौसेने कोशिंबीर करायला घेतली. काकड्या चोचवल्या; दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर, लिंबू, साखर, मीठ सगळं एकदमच घातलं, वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि झाकण ठेवून मोकळा झालो. पाऊण तासाने आत्याने झाकण उचललं. आत डबकं! काकडी मलूल आणि कुटाचा चिखल.

"मीठ आत्ताच घातलंस होय रे? ते पानं घेताना घालायचं. आता वाट्यांतून प्यायला दे सगळ्यांना."

शाळेत परासरणावर दोन मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, खारट पाण्यात टाकलेला पुन्हा आक्रसतो, हे मी आकृतीसह लिहून आलेलो आहे. पण पातेल्यात मीठ टाकताना त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक स्निग्ध पटल असतं, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ. मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण होतात आणि त्या तेलकट पटलातून त्यांना सहजी आत शिरता येत नाही. पाण्याच्या रेणूंची मात्र दोन्ही बाजूंनी सतत ये-जा चालू असते. बाहेर मिठाची गर्दी झाली की बाहेर पडणारे जास्त आणि परतणारे कमी, एवढाच काय तो फरक. त्यालाच आपण 'पाणी सुटलं' म्हणतो.

मेमध्ये आत्या हेच मुद्दाम घडवून आणते. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवते. सकाळी पातेल्यात पिवळाजर्द खार जमलेला असतो आणि फोडी थोड्या आकसून चिवट झालेल्या. मग त्या निथळून पंचावर पसरायच्या. लोणच्यात चुकून शिरलेल्या जंतूंचीही तिथे तीच गत होते: अंगातलं पाणी मिठाकडे जातं आणि त्यांची वाढ खुंटते. मुरंब्यात हेच काम साखर करते.

पण तेलकट पटलातून पाणी इतक्या झपाट्याने जातं कसं, हे कोडं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाच्या आर-एच प्रथिनाच्या मागावर होते आणि मध्ये मध्ये भलतंच एक प्रथिन लुडबुडत होतं. ते बेडकाच्या अंड्यांमध्ये तयार करवून अंडी साध्या पाण्यात सोडली. नेहमीची अंडी जशीच्या तशी राहिली. प्रथिनवाली टम्म फुगली आणि फटाफट फुटली. पाण्याचा दरवाजा सापडला होता! हे 1992 सालचं. त्या दरवाजातून एका रांगेत, सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू जातात. अ‍ॅग्रेंना 2003 साली नोबेल मिळालं. मला त्या बेडकाच्या अंड्यांचं जास्त कौतुक वाटतं.

लहानपणी पोट बिघडलं की आत्या मीठ-साखर-पाणी चमच्याचमच्याने पाजायची. मला वाटायचं, साखर चवीसाठी. पण आतड्याच्या पेशींत एक वाहक असतो, तो सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट शाबूत राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी लोकांना पाजायला सुरुवात केली. छावणीतल्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. एकीकडे मीठ काकडीतलं पाणी बाहेर काढतं आणि दुसरीकडे साखरेचा हात धरून माणसात पाणी भरतं.

हे सगळं मी आत्याला सांगायला लागलो, तोवर तिने काकडी मुठीत घट्ट पिळून पाणी वाडग्यात धरलं होतं. काकडीत दही कालवून तिने कोशिंबीर पानापुरती सावरली. संध्याकाळी त्याच पाण्यात थालीपिठाची भाजणी भिजवली. मीठ वेगळं घातलं नाही.