एकट्याचा दोन दिवसांचा जंगल ट्रेक: आधी पाणी, मग ग्रॅम

डिसेंबरची स्थिती: खाणं आणि पाणी सोडून सॅकचं वजन 7.4 किलोवरून 5.1 किलोवर आलंय. तंबूऐवजी 3 बाय 3 मीटरचा टार्प (वर ताणायचं जलरोधक कापड) आणि खाली एक पातळ शीट घेतली, त्यात दीड किलो सुटलं. स्टोव्ह, भांडं आणि गॅसचा डबा मिळून 540 ग्रॅम, सॅकचं वरचं झाकण 190 ग्रॅम, हेही घरीच ठेवलं. वाचलेलं सगळं वजन पाण्याच्या खात्यात जमा.

सह्याद्रीतल्या ट्रेकच्या याद्या नागपूरकरांनी जशाच्या तशा उचलू नयेत. तिकडे बऱ्याच गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात. आपल्याकडे, म्हणजे सातपुड्याच्या सागाच्या रानात, पावसाळा सरला की छोटे नाले आटत जातात, मग डोह उरतात आणि फेब्रुवारीत पुष्कळ ठिकाणी नुसती वाळू. नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तिथे पाणी असेलच असं नाही.

हिशोब साधा आहे. डिसेंबरात चालताना तासाला अर्धा लिटर, पाच तासांचे अडीच. रात्र आणि सकाळ मिळून दीड. एकूण चार लिटर, म्हणजे चार किलो. खाणं 1.3 किलो धरलं तर निघताना पाठीवर 10.4 किलो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तासाला पाऊण ते एक लिटर लागतं आणि हाच आकडा सहा-सात लिटरवर जातो. वणव्याचा काळही तेव्हाच सुरू होतो. एकट्यानं जायचा हंगाम तिथे संपला असं समजायचं.

जागेबद्दल. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही नावं या यादीत येतच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, पायी मुक्काम तर सोडाच. राखीव जंगलातही वनपरिक्षेत्र कार्यालयाला विचारल्याशिवाय रात्र काढू नये. म्हणून गावागावांना जोडणाऱ्या पायवाटा बऱ्या. सावनेर, सौसर, छिंदवाडा करत तामियाला पोचायचं आणि तिथून पुढे पाताळकोटात उतरायचं. दरीत भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत, खालून दुधी नदी वाहते. मुक्काम गावात, ज्याचं अंगण त्याला विचारून. कड्यापासून तळापर्यंत साधारण 1200 ते 1500 फुटांचा उतार आहे. खोल दरी असल्यानं तळाशी सूर्य उशिरा पोचतो आणि लवकर जातो. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या पुढे मावळतो म्हणून तोच हिशोब इथे लावला तर वाटेतच अंधार गाठतो. दोनच्या आत उतरायला लागा. थंड हवाही रात्री तळाशी साचते, त्यामुळे झोपायची बॅग 5 अंशांपर्यंतच्या थंडीत चालणारी हवी.

पाणी शुद्ध करणं हा या छंदातला सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय. नळीचा फिल्टर (0.1 मायक्रॉनचा) जिवाणू आणि परजीवी अडवतो, पण बोडीचं (छोट्या तळ्याचं) गढूळ पाणी थेट घातलं की काही लिटरांतच गच्च बसतो. आधी तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून अर्धा तास पाणी निवळू द्यायचं, मग वरचं पाणी पंचाच्या चार पदरांतून गाळायचं, मग फिल्टर. त्यानंतर क्लोरीनची गोळी, कारण हा फिल्टर विषाणू सोडून देतो. गोळीला अर्धा तास द्या, पाणी गार असेल तर जास्त. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग नाही, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आणि एक पक्कं: पऱ्हाटीच्या (कापसाच्या) शेताच्या किंवा संत्र्याच्या बागेच्या खालच्या अंगाचं पाणी घ्यायचंच नाही. विरघळलेलं कीटकनाशक ना फिल्टरनं जातं, ना उकळून.

स्टोव्ह वगळल्यावर खाणंही पाण्याकडे बघून ठरतं. चिवडा हलका, पण तहान वाढवतो. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. सातूचं पीठ 60 ग्रॅम, गूळ 20 ग्रॅम आणि 200 मिली पाणी हा एक वेळचा नाश्ता. ते 200 मिली हिशोबात धरा. गॅसचा डबा किंवा स्पिरिट रेल्वेत नेता येत नाही, तोही प्रश्न सुटला.

सरावात नागपूरची अडचण एकच, शहर सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ दम वाढवायला ठीक, गुडघ्यांच्या तयारीला पुरत नाही. रामटेकला अंबाळा तलावाच्या बाजूनं गडाच्या पायऱ्या आहेत, त्या वापराव्यात. सॅकमध्ये सहा लिटर पाणी भरून चढायचं, वर ते झाडाला घालायचं आणि रिकाम्या पाठीनं उतरायचं. सुरुवातीचे काही आठवडे तरी गुडघ्यांना उतारावरचं ओझं देऊ नका. भरलेल्या बाटल्या पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधोमध. बाहेरच्या खिशात एकाच बाजूला दोन लिटर असले की तासाभरात कंबर वाकडी चालायला लागते.

पायवाटेवर सागाची वाळलेली पानं पडू लागली की दगड आणि खड्डे दोन्ही झाकले जातात. उतारावर काठी आधी टेकवायची, पाय मागून. पानांचा आवाज इतका होतो की पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं थांबून कानोसा घ्या. बोरं पिकली की अस्वलं पहाटे आणि संध्याकाळी झुडपांशी असतात, त्या वेळेला चालणं बंद. गुरांच्या वाटा फुटत जातात आणि फसवतात, आधी उतरवून ठेवलेला नकाशा पाहिल्याशिवाय फाट्यावर वळू नका. कुसळ मोज्यात शिरलं की काढताना अर्धं आतच राहतं. पिंडरीपर्यंतचे गेटर्स (बुटावरून पायाला गुंडाळायचं कापडी आवरण) घाला. खाजकुइली लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून केस उपटायचे, मग धुवायचं. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहिल्याचं आवर्जून सांगा. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची (झुडपांतला बारीक किडा चावून होणाऱ्या तापाची) साथ येऊन गेली आहे.

घरच्यांकडे कागदावर तीन गोष्टी लिहून द्यायच्या: कुठून उतरणार, मुक्कामाचं गाव कोणतं, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 या आपत्कालीन नंबरला कळवायचं.

राहिलेलं काम: टार्पच्या खुंट्या. ॲल्युमिनियमच्या मुरमात वाकतात, काळ्या मातीच्या भेगांत टिकत नाहीत. सध्या दोऱ्या दगडांना बांधून भागतंय, पण दवानं कापड सैल पडलं की रात्री उठून परत ताणावं लागतं. पुढच्या नोंदीत 15 सेंटीमीटरच्या वाय आकाराच्या खुंट्यांचा निकाल.