सर्दीची गोळी, ओझार्क्सचे डोंगर आणि भावकी

सर्दीची गोळी घ्यायला ड्रायव्हिंग लायसन्स दाखवावं लागतं हे इथे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात आल्यावर कळलं आणि मला त्याचा अजूनही राग येतो. म्हणजे बघा, नाक चोंदलंय, डोकं ठणकतंय, आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे लायसन्स स्कॅन करतेय, नाव-पत्ता कॉम्प्युटरमध्ये जातोय, वर सही पण करा. कारण काय तर गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं, त्यापासून लोक घरातच मेथ नावाचं नशेचं ड्रग शिजवायचे, म्हणून 2006 पासून देशभर हा कायदा, दिवसाला 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅमच्या वर मिळणार नाही. आणि याच राज्यात एकाने दुसऱ्याला खासगीत बंदूक विकली तर कोणी चौकशी करत नाही! असो.

ऑफिसात ही चिडचिड ऐकवली तर तिथली एक बाई, इथल्या ओझार्क्सच्या डोंगरातल्या गावातली, हसून म्हणाली डॅनियल वुड्रेलच्या कादंबऱ्या वाच मग कळेल. वुड्रेल आमच्या स्प्रिंगफिल्डचाच जन्माचा, राहिला इथून दोनेक तासांवरच्या वेस्ट प्लेन्समध्ये. त्याचं 'विंटर्स बोन' (2006) हे पुस्तक घेतलं आणि रात्रभर खाली ठेवता आलं नाही.

री डॉली, 16 वर्षांची. बाप मेथ शिजवणारा, जामिनासाठी घर आणि रान तारण ठेवून गायब. तारखेला हजर झाला नाही तर घर जाणार. आई भानावर नाही, दोन धाकटे भाऊ. पोरगी थंडीत दारोदार बाप शोधत फिरते, सगळे नात्यातलेच, सगळ्यांना काय झालं ते माहीत, आणि तोंड कोणी उघडत नाही.

मला धक्का बसला तो जामिनाचा. आपल्याकडेही जामीनदार सातबारा घेऊन कोर्टात उभा राहतो, पण इथे हा चक्क दुकान मांडून चालवायचा धंदा आहे, बाँड्समन, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणारा, जामिनाच्या रकमेच्या साधारण 10 टक्के फी घेतो, ती परत मिळत नाही, आणि वर तारण. आपली कोर्टं कितीही रखडली तरी हे नाही बाबा, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. त्याने कोर्टाबाहेर भाड्याने मिळणाऱ्या जामीनदारांची आठवण करून दिली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

भावकी मात्र इथेही आपल्यासारखीच, हे मान्यच करावं लागतं. फक्त आपल्याकडे चुलत्याच्या दारात गेलं तर आधी पाणी विचारतात (मग बांधाचा विषय निघतो ते वेगळं). रीला तर नात्यातल्याच बायका बेदम मारतात. पण त्याच पुस्तकात ती धाकट्याला सांगते की जे लोकांनी आपणहून द्यायला हवं ते मागायचं नाही. हे आमची आजी बोलली असती, अगदी त्याच तोऱ्यात.

2010 मध्ये त्यावर सिनेमा आला, जेनिफर लॉरेन्सचा, शूटिंग इथल्याच टेनी आणि ख्रिश्चन काउंटीत. आत्याने तो बघून फोन केला, "अगं तू तर तिकडचे ब्रॅन्सनचे झगमगाटी फोटो पाठवलेस, हे कुठलं?" आत्या, ते पर्यटकांचं ब्रॅन्सनही टेनी काउंटीतच आहे गं. फोटो खोटे नव्हते. पाहुण्यांना कोणी माळ्यावरची अडगळ दाखवतं का?

आणि इथले लोक म्हणजे नुसतं मेथ नाही हेही सांगते. मागच्या बर्फात आमची गाडी चरात गेली तेव्हा एका पिकअपवाल्याने साखळी लावून ओढून काढली आणि पैसे विचारले तर त्यालाच राग आला. वुड्रेलला हे दोन्ही माहीत होतं, म्हणून तो या माणसांना हसत नाही, बाहेरून येऊन लिहिणारे हसतात.

आता 'द मेड्स व्हर्जन' (2013) वाचतेय. वेस्ट प्लेन्समध्ये 1928 साली नाचघरात स्फोट झाला होता, तीसहून जास्त माणसं गेली, कारण कधीच ठरलं नाही. पुस्तकात गावाचं नाव बदललंय. मोलकरीण अल्माची बहीण त्यात जाते आणि कोणी केलं हे आपल्याला माहीत आहे असं अल्माचं म्हणणं, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचं ऐकतो कोण. अजून अर्धं व्हायचंय, कोणी शेवट सांगू नका.