तुम्ही विचारलंत म्हणून: काल दिलेली थुंकी आज परत का मागते?

धुळ्यात आमच्या लॅबच्या खिडकीवर हा प्रश्न रोज येतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी विचारतंच. "ताई, काल डबी भरून दिली होती ना?" पैशांचा संशय तोंडावर कुणी घेत नाही, पण डोळ्यांत दिसतो. दुसऱ्या डबीचे पैसे आम्ही घेत नाही, हे आधी सांगून टाकते.

डबी भरलेली असते, पण लाळेनं. मला हवा असतो बेडका, छातीतून खोकून काढलेला. म्हणून कल्चर लावण्याआधी, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवण्याआधी, ग्राम स्टेननं रंगवलेली त्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघते. लो पॉवरच्या एका फील्डमध्ये तोंडाच्या अस्तराच्या पेशी १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ च्या वर दिसल्या, तर नमुना छातीतला. हान्स ख्रिस्तियान ग्राम यांनी ही रंगवण्याची रीत १८८४ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध केली, तीच मुळी न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना. लाळेवर ती वापरून मला तोंडातल्या जंतूंची मोजदाद मिळेल, न्यूमोनियाचा जंतू नाही.

शिवाय वेळ. न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, फार नाजूक, स्वतःच्याच एन्झाइमनं फुटून विरघळतो. डबी दोन तासांत पोचायला हवी. मे महिन्यातल्या उन्हात एसटीनं येईपर्यंत तो मरतो आणि तोंडातले बाकीचे जंतू दुणावतात.

हे सगळं मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षीही पाठ होतं. तरी एकदा मी डबी घेतली.

साक्री तालुक्यातला मुलगा होता. बापाची सकाळी सातची थुंकी ओल्या फडक्यात गुंडाळून दुपारी साडेबाराला पोचला. स्लाइडवर पेशीच पेशी, फरशी घातल्यासारख्या. पू जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, उद्या सकाळी चूळ भरून, खोल खोकून परत आणा. तो खिडकीला धरून उभा राहिला. "ताई, कितला डाव आनू? मन्हा बाप दोन दिनपाईन जेवेल नही." माझे वडीलही तसेच, अहिराणीत बोलायचे. मी डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅकाँकीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या, प्लेटवर गुलाबी, चिकट, ओघळणाऱ्या कॉलन्या. क्लेबसिएला, जंतूंची एक जात. ती न्यूमोनिया करते आणि आजारी माणसाच्या घशात नुसती वस्तीलाही असते. कुठली ते ठरवायला स्लाइडची साक्ष लागते आणि माझी स्लाइड "लाळ" म्हणत होती. मी रिपोर्टवर क्लेबसिएला लिहिलं, कोणती औषधं लागू पडतील ते लिहिलं, खाली सही केली. स्लाइडबद्दल एक ओळ लिहिली नाही. डॉक्टरांनी रिपोर्टावर विश्वास ठेवून इंजेक्शन बदललं.

ताप उतरला नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी नवा नमुना पाठवला, मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढलेला. त्यात झील-नेल्सनच्या, म्हणजे क्षयाचे जंतू दाखवणाऱ्या, रंगात लाल काड्या दिसल्या. क्षय. म्हातारबाबा औषधांवर बरे झाले. पण ते अकरा दिवस नात त्यांच्याच गोधडीत झोपत होती, हे मुलानं मला नंतर सांगितलं. रागानं नाही, सहज सांगितलं.

तेव्हापासून मी डबी परत करते. कठोर म्हणा.

पण त्या दिवशीची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, डबी परत केली असतीस तर क्षय सापडला असता का? तपासणी मागितली होती न्यूमोनियाच्या कल्चरची. क्षयासाठी आलेली थुंकी तर आपण पेशी मोजून नाकारतही नाही, लाळेसारखी असली तरी घेतो. मग तीच डबी दुसऱ्या कागदाबरोबर आली असती, तर कदाचित पहिल्याच दिवशी निदान झालं असतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणते की रिकामा रिपोर्ट बघून डॉक्टर थांबले असते, दुसरं काही शोधलं असतं. ती म्हणते, कशावरून?

आणि दुसरी बाजू आमच्या रजिस्टरमध्येच आहे. "नमुना परत मागवला" असं मी लिहिते, पुढचा रकाना दुसऱ्या डबीच्या तारखेचा. पिंपळनेर, नवापूर, शहादा, सगळीकडची नावं आहेत. बरेच जण दुसऱ्या सकाळी येतात. या महिन्यात सहा नावांपुढे तारीख नाही.