कापसाच्या घरात रिसीव्हरचा पंखा शांत करताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हिवाळ्याच्या रात्री जेवणं आटोपली की गोठ्यातल्या बैलाची घंटीसुद्धा घरात ऐकू येते. अशा वेळी होम थिएटरच्या रिसीव्हरमधला, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या डब्यातला, पंखा सुरू झाला की बाकी सगळं त्याखाली दबतं. उन्हाळ्यात कुलरपुढे त्याचा आवाज कळतच नाही. तक्रार आली ती थंडी पडल्यावर, मायकडून. तिला झोपायच्या आधी तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लागतात, आणि जुनं रेकॉर्डिंग मुळातच बारीक. "भजन लावलं का हे मधातच घरघर करते. काहून रे?"

तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, पंख्याची वायरच काढून टाका. मला ते पटलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. घरगुती रिसीव्हरमध्ये बहुतेक क्लास एबी प्रकारचा अँप्लिफायर (आवाज वाढवणारा भाग) असतो आणि तो घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेतच घालवतो. ती उष्णता बाहेर पडली नाही तर सेट स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, आणि रोजच तापत राहिला तर आतले कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) लवकर सुकतात. पंखा आवाज करतो कारण त्याला काम फार पडतं. ते काम कमी करायचं, असं मी ठरवलं.

आधी आवाज कोणता ते ओळखणं गरजेचं होतं. कान जवळ नेला तर तीन आवाज वेगळे कळले. एक हवेचा सूंऽऽ, दुसरा पत्र्याची थरथर आणि तिसरा खोल गुणगुण. वरच्या झाकणावर तळहात दाबला की थरथर थांबायची, म्हणजे ती पंख्याच्या स्क्रूमधून पत्र्यात उतरत होती. गुणगुण मात्र पंखा सुरू व्हायच्या आधीही होती. ती ट्रान्सफॉर्मरची.

प्लग काढून सेट रात्रभर तसाच ठेवला, कारण वीज बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. सकाळी झाकण उघडलं आणि घरघरीचं निम्मं कारण समोरच दिसलं. वेचणी सुरू झाली की आमच्या पुढच्या खोलीत भाव मिळेपर्यंत कापूस भरलेला असतो. त्याचे तंतू हवेत उडत राहतात. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये त्यांची करड्या रंगाची घोंगडीसारखी घट्ट पट्टी जमली होती. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर ती अख्खी निघून आली, मागच्या बाजूने गरम होऊन पिवळसर पडलेली. गरम धातूला कापूस चिकटलेला पाहून मला आवाजापेक्षा आगीची धास्ती जास्त वाटली. मऊ ब्रशने पाती साफ केली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंगला मार बसतो. स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले. थरथर त्याच दिवशी गेली.

सूंऽऽ मात्र उरला, आणि त्याचं मूळ शोकेसमध्ये होतं. पुढे काच, मागे बंद प्लायवूड. पेटती उदबत्ती रिसीव्हरच्या बाजूच्या जाळीजवळ धरली. वरून निघालेली गरम हवा फळीला आपटून खाली येत होती आणि धूर परत त्याच जाळीतून आत ओढला जात होता. सेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेत होता. आतला 80 मिलिमीटरचा पंखा उष्णतेवर चालणारा आहे, जितकं तापेल तितका जोरात पळतो.

सुतारभाऊंना मागची पाठ कापायला सांगितली. "भाऊ, पाठ कापली त शोकेसचा शो जाईन नं," ते म्हणाले. मागचं कोण पाहतं, म्हटलं. त्यांनी वरच्या बाजूला गोल भोक पाडलं आणि खाली आडवी फट ठेवली, म्हणजे गार हवा खालून येईल आणि गरम वरून जाईल. वरच्या भोकाला नागपूरच्या बर्डीवरून आणलेला 120 मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा बसवला, हवा बाहेर फेकणारा. पंख्याच्या चौकटीवर दिशेचा बाण कोरलेला असतो, तो पाहूनच बसवावा. मोठा पंखा सावकाश फिरूनही लहान पंख्याइतकी हवा हलवतो, आणि वेग निम्मा झाला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. सगळं गणित इथेच आहे.

पंखा 12 व्होल्टचा. त्याला जुन्या राउटरचा 9 व्होल्टचा अडॅप्टर लावला. हिवाळ्यासाठी 5 व्होल्टचा मोबाईल चार्जर वापरतो. काही पंखे 5 व्होल्टवर सुरूच होत नाहीत, म्हणून दुकानातच लावून पाहावं. खालच्या फटीला मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला, तंतू तिथेच अडकतात.

आता थंडीत आतला पंखा सहसा सुरूच होत नाही. भजनातला खंजिरीचा शेवटचा ठोका विरेपर्यंत ऐकू येतो, आणि माय आवाज पूर्वीपेक्षा कमीच ठेवायला सांगते. उन्हाळा लागला की 9 व्होल्टचा अडॅप्टर जोडतो. पंखा थोडा ऐकू येतो, पण तेव्हा कुलर चालूच असतो.

ट्रान्सफॉर्मरची गुणगुण अजून आहे. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर ती जास्तच वाढते, कारण आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा. पुढची बॅटरी बदलताना साइन वेव्हचा, लाईनसारखी वीज देणारा, घ्यायचा आहे. तोवर लाईन नसताना रिसीव्हर बंद ठेवतो आणि माय मोबाईलवरच ऐकते. मच्छरदाणीचा तुकडा मात्र कापूस घरात असेपर्यंत दर आठवड्याला काढून झटकतो.